अफूचे दोन वेढे

मित्रांनो, मी बाळगुटी उगाळायची एक जुनी सहाण आहे. अकोल्याजवळच्या एका घरात पाण्याच्या रांजणाखाली पालथी पडून आहे. वर माणसं पाणी पितात, मला कोणी उलटून बघत नाही.

चांगले दिवस मीही पाहिले. मैनाबाई आपल्या नातवाला, उत्तमला, रोज सकाळी माझ्यावर गुटी उगाळायची. वेखंडाचा एक वेढा, म्हणजे माझ्यावर गोल एक फेरा, हळकुंडाचे दोन, मुरडशेंगेचे तीन. वेढे मोजताना ती कोणाशी बोलत नसे. उत्तम वावरात, मोकळ्या हवेत वाढला आणि चांगला दांडगा झाला. शेजारच्या बाया मैनाबाईच्या हाताचं कौतुक करत, आणि मीच फुशारून जाई.

मग साता समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पडवीत सरकी काढायचा रेचा बसला. सून पार्बताबाई दिवसभर रेच्यावर, आणि तिची तान्ही शकुन शेजारीच झोळीत. कापसाची बारीक लव पोरीच्या नाकातोंडात जाई. ती खोकायची, रडायची, की रेचा थांबायचा. म्हणून मैनाबाईने गुटीत अफूचा एक वेढा घातला. पुढे दोन झाले. शकुन गुमान निजू लागली. किती गुणाची पोर, असं जो तो म्हणू लागला.

वर्ष उलटलं तरी ती बसेना. छातीतून घरघर येई.

"तुह्या बापाचा दमा हाय हा," मैनाबाई सुनेला म्हणाली. "रक्तातच हाय, त्याले कोण काय करन?"

"उत्तमबी माह्याच पोटचा हाय, आत्याबाई. त्याले कावून नाही झालं?"

"तो आमच्यावर गेला."

रक्ताचं काही नव्हतंच, असं मी म्हणत नाही. छाती पोरीला आजोबांचीच मिळाली होती. थंडीत उत्तमलाही धाप लागे, मी ऐकलंय. पण त्याच्या छातीत कोणी कापूस भरला नव्हता.

पार्बताबाईने झोळी मागच्या अंगणात लिंबाखाली नेली, अफू बंद केली. आठ-दहा दिवस पोर रडून रडून हैराण झाली. मग दूध मागू लागली. एकदा तर आईकडे बघून हसली.

पंधराव्या दिवशी पार्बताबाई नदीवर धुणं घेऊन गेली. मागे शकुन रडू लागली, आणि मैनाबाईने सवयीने तेच दोन वेढे उगाळले. त्या एवढ्याशा जिवाची सवय मात्र मोडली होती; आता तेवढी अफू त्याला सोसणारी नव्हती. ऊन डोक्यावर आल्यावर पार्बताबाई परतली, तेव्हा पोर निजलेली होती. ती पुन्हा उठली नाही.

दम्यानं गेली, असंच मैनाबाई मरेपर्यंत सांगत राहिली. पण माझ्यावर तिने परत कधी हात ठेवला नाही. पार्बताबाईने मला उचलून इथे पालथं घातलं.

मित्रांनो, मूल कोणावर गेलं ते खुशाल बघा. पण आधी त्याची झोळी कुठे टांगली आहे आणि त्याच्या ओठांना काय लागतंय, ते बघा. मी दगड, मला मैनाबाईचा हात धरता आला नाही. तुम्हाला हात आहेत.