भरायचं राहिलेलं वचन

सासूबाईंच्या वचनांच्या डब्याला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. ती हिंमत सुनेने केली, आणि तीही वर्षाच्या शेवटच्या दुपारी, सासूबाई शेजारी गेल्याची संधी साधून. चोर तरी जरा बिचकतो. ही बाई चांगली खुर्ची ओढून, चष्मा लावून बसली!

डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. आत पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक वचन. सासरे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अख्खी गल्ली त्यांना पेंटरच म्हणायची. ते पेन्सिलीने अक्षरं आखायचे आणि सासूबाई ती रंगाने भरायच्या. पाटी असो नाहीतर वचन, कामाची वाटणी हीच. सासऱ्यांनी कधी ब्रश धरला नाही, सासूबाईंनी कधी पेन्सिल. दोघं भांडायचीही कामावरच, आणि भांडण मिटायचंही कामावरच.

नव्या वर्षाच्या सकाळी प्रार्थना झाली की प्रत्येकाने डोळे मिटून एक चिठ्ठी काढायची आणि ते वचन वर्षभर उराशी धरायचं. बदलून मिळणार नाही. एकदा मुलाला, म्हणजे सुनेच्या नवऱ्याला, जिभेला आवर घालायचं वचन निघालं. त्याने ते गुपचूप परत टाकायला पाहिलं, तर सासूबाईंनी मनगटच धरलं. "देवाचं काय चपलांचं दुकान आहे रे? बसली नाही की बदलून घ्यायला?"

अशी ही बाई. आणि याच वर्षाच्या सुरुवातीला तिनेच आजारी नवऱ्यासाठी डब्यात हात घातला, तर काय निघावं? मी तुला बरं करीन, असं सांगणारं वचन. सासूबाई भर सकाळी हुंदके देत हसल्या होत्या. उन्हाळा सरता सरता पेंटर गेले.

जाण्याआधी अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी एक शेवटची चिठ्ठी आखली. जो रडत रडत बी घेऊन जाईल, तो हसत पेंढ्या घेऊन येईल, अशा अर्थाचं वचन. हात थरथरत होता. "एवढी भरून दे," ते म्हणाले. सासूबाईंनी चिठ्ठी डब्यात टाकली. "तुम्ही उठून बसा, मग भरते." ते उठले नाहीत. त्या दिवसापासून सासूबाईंनी ब्रशला हात लावला नाही. दुकानाला कुलूप लागलं ते लागलंच. त्या जेवायच्या, विचारलं तर बोलायच्या, बाकी खिडकीशी बसून राहायच्या. मुलगा बस चालवायचा, त्याला पाट्यांचं ओ की ठो कळत नव्हतं. शेवटी त्याने दुकानासाठी एक गिऱ्हाईक पाहिलं. आईने हो-नाही काहीच म्हटलं नाही. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी किल्ली द्यायची ठरली.

सुनेला हे पाहवत नव्हतं. सासूबाईंवर तिचा भारी जीव. ही बाई दुकान सोडून खिडकीशी बसली तर वर्षभरात खिडकीच होऊन जाईल, अशी तिला धास्ती होती. सून हॉस्पिटलात नर्स. कडू गोष्ट साखरेत घोळवून सांगणं हा तिचा रोजचा धंदा. तिने विचार केला, उद्या सासूबाईंच्या हाताला असं वचन लागलं पाहिजे, की बाई उठून उभी राहिली पाहिजे. म्हणून तिने डब्यातून मरणाच्या सावलीचं वचन काढलं. आगीतून चालायचं काढलं. विधवेचं काढलं. पेन्सिलीने आखलेली ती अर्धवट चिठ्ठीही काढली, कारण तिच्यात रडणं होतं आणि वर ती बघवत नव्हती. सगळी कडू वचनं एप्रनच्या खिशात गेली. डब्यात उरली ती नुसती मध आणि लोणी.

सकाळ झाली. प्रार्थना झाली. मुलाने डबा पुढे केला. सासूबाईंनी हातात घेतला, जरा हलवला, आणि भुवया वर गेल्या.

"हा उपाशी का वाटतोय?"

 सासूबाईंनी हात आत घातला, पण डोळे मिटले नाहीत. चांगले टक्क उघडे ठेवून एकेक चिठ्ठी बाजूला सारू लागल्या.

"आई, डोळे!" मुलगा म्हणाला. "नियम तुझाच आहे."

"माहितीय मला. यंदा मी निवडून घेणार आहे." मग त्यांचा हात थांबला. "माझी चिठ्ठी कुठाय?"

 आता लपवून काय करणार? सुनेने मुकाट्याने एप्रनचा खिसा टेबलावर रिकामा केला. मुलगा आ वासून बघत राहिला.

"तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून काढली हो आई," सून म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. "मागच्या वर्षी एवढं चांगलं वचन निघालं आणि…"

"आणि ते गेले. माझ्यासमोरच गेले, मला काय सांगतेस?" सासूबाईंनी चिठ्ठ्या पुढे ओढल्या. "नर्सबाई, नुसतं गोड गोड ठेवलंस तर ते शास्त्र राहत नाही, वाढदिवसाचं कार्ड होतं. या मरणाच्या सावलीनेच मला इतके महिने धरून ठेवलंय. रोज रात्री देवाशी भांडत होते, पण भांडायला तरी तो होता ना समोर? तू तीच काढून घेतलीस! वेडी कुठली."

बोलणं रागाचं होतं, पण हात सुनेच्या डोक्यावरून फिरत होता. सुनेला वाटलं, आपण या बाईला किती कच्चं समजलो. वॉर्डात इतकी माणसं पाहिली, पण दुःखाकडे असं डोळे उघडून बघणारं कुणी पाहिलं नव्हतं.

सासूबाईंनी पेन्सिलीची चिठ्ठी शोधून काढली. "त्यांना ठाऊक होतं, पेंढ्या काही ते बघणार नाहीत. तरी पेरायचंच वचन आखलं माणसाने. आणि मी काय केलं? बी डब्यात कोंडून बसले. जा रे, माझा ब्रश आण. निळा रंग घट्ट झाला असेल, त्यात तेल घाल."

मुलगा धावत जाऊन दुकान उघडून सगळं घेऊन आला. आल्या आल्या त्याने किल्ली आईसमोर ठेवली आणि गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणून कळवतो म्हणाला. "कळव," सासूबाई म्हणाल्या. "आणि उद्या बसवर जायच्या आधी दुकानातली जळमटं काढून दे. नुसती किल्ली ठेवून भागत नाही."

मग त्यांनी चिठ्ठी उजेडात धरली. अक्षरं वेडीवाकडी होती. ज्या माणसाची रेघ ओळंब्यासारखी सरळ असायची, त्याची प्रत्येक रेघ हलली होती.

"पट्टी आणू का?" सून म्हणाली. "सरळ करून घेऊ, मग भरा."

"खबरदार हात लावलास तर. त्यांनी आखलंय तसंच भरायचं."

सासूबाईंचा हात तर अजून दगडासारखा स्थिर. पण पेन्सिल जिथे जिथे थरथरली होती, तिथे तिथे त्यांनी ब्रशही थरथरवला, आणि एकही रेघ न चुकवता वचन शेवटपर्यंत भरलं.