अगदी त्यांच्यासारखा

मेंदूला सूज आणणाऱ्या तापातून अरुंधती वाचली, तेव्हा त्र्यंबकरावांनी तळेगावातल्या सगळ्या ओळखीच्यांना फोन करून सांगितलं. घरी आल्यावर तिने कुंड्या पाहिल्या, मुलीला, ऋचाला, जवळ घेतलं. मग नवऱ्याकडे बघून अवघडून म्हणाली, "भाऊ, बसा ना. हे आले की चहा टाकते."

त्र्यंबकराव हसले. ती हसली नाही.

"अगं, मीच की!"

"दिसता खरे अगदी तसेच. पण तुम्ही ते नाही."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. "त्यांचे डोळे तुम्हाला बरोबर ओळखतात. पण आपलं माणूस दिसल्यावर आत जे हलतं, ते आता हलत नाही. मग मन कारण शोधतं, की हा दुसराच कुणी असणार." बऱ्या होतील का, यावर ते फक्त "बघू" म्हणाले.

अरुंधतीने आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं होतं. पाण्यात काठी वाकडी दिसते म्हणून ती वाकडी नसते, डोळ्यांवर जाऊ नका, विचार करा, असं ती मुलांना सांगायची. आता तेच त्र्यंबकरावांना ऐकवायची, तेही न चिडता. "सूर्य फिरताना दिसतो, म्हणून फिरतो का, भाऊ?"

एकदा मंडईतून त्यांनी कोणती भाजी आणू, हे विचारायला घरी फोन केला.

"अहो! कुठे आहात तुम्ही?" अरुंधती रडायलाच लागली. "घरात एक माणूस येऊन राहिलाय. वाईट नाही तसा, पण तुमचे कपडे घालतो."

त्र्यंबकराव पिशवी घेऊन तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसले. आवाज तिला ओळखू येत होता.

मग ते रोज इमारतीखालच्या पार्किंगमध्ये जाऊन तिला फोन करू लागले. ती भरभरून बोलायची, त्या माणसाच्या तक्रारी सांगायची, कधी खळखळून हसायची. "कधी येताय?" या प्रश्नाला ते "लवकरच" म्हणायचे. वर गेले की ती पदर सावरून आतल्या खोलीत निघून जायची.

"बाबा, असंच चालू द्या," ऋचा म्हणाली. "निदान आवाज तरी आहे."

पण फोनवरच्या त्या माणसाचा त्र्यंबकरावांना हेवा वाटू लागला होता. एका दुपारी ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी फोन लावला. तिने उचलला.

"माझ्या ओठांकडे बघ, अरुंधती. आणि ऐक."

ती बघत राहिली. क्षणभर तिचा चेहरा सैल झाला. त्र्यंबकराव पुढे झुकले. तेवढ्यात तिने फोन कानापासून दूर केला.

"म्हणजे इतके दिवस फोनवरही तुम्हीच होता."

"हो! मीच होतो!"

"आवाजही घेतलात त्यांचा." ती खुर्ची मागे सारून उठली. "काय केलंत त्यांचं?"

त्यानंतर तिने त्यांचा फोन कधीच उचलला नाही. बरेच दिवस ती नुसती पडून असायची. मग एका सकाळी आवरून बाहेर आली. "भाऊ, तुम्ही तसे वाईट नाही. ऋचा माझं ऐकत नाही, मला दुसरं कुणी नाही. त्यांना शोधायला चला माझ्याबरोबर."

ते गाडी काढून तिला लोणावळ्याला घेऊन गेले. बाजारात, स्टेशनवर ती माणसांचे चेहरे न्याहाळत फिरली. तिथून ते दोघं जवळच्या कुरवंडे गावाला गेले. दरीकडच्या वाटेवर गुरं चारणारे हौशीराम नावाचे एक गावकरी भेटले.

"कुनाला हुडकताय, मावशी?"

"आमचे हे. उंच आहेत, चष्मा, पांढरी मिशी."

हौशीरामांनी त्र्यंबकरावांकडे पाहिलं. "मग ह्ये कोन?"

"हे नुसते तसे दिसतात."

त्र्यंबकरावांनी मान खाली घातली. "न्हाई बघितलं, मावशी," असं म्हणून हौशीराम गुरांमागे गेले.

अरुंधती दरीच्या दिशेने हाका मारत राहिली. घसा बसला, तशी वळून म्हणाली, "तुम्ही मारा ना. नाव घेऊन."

"त्र्यंबक!" त्यांनी हाक मारली.

"जोरात, भाऊ. एवढ्याने कसं ऐकू जाईल?"

ते पुन्हा ओरडले, छातीत कळ येईपर्यंत. ती कान देऊन उभी होती.

"उद्या इंदुरीला जाऊ," ती म्हणाली. "नदीकडे बघू."

"जाऊ," त्र्यंबकराव म्हणाले आणि तिला गाडीचं दार उघडून दिलं.