इद्रिसचा उपास

चिमट्यात धरलेला मेलेला उंदीर ग्लेनिसने पुन्हा एकदा अजगराच्या तोंडासमोर हलवला. अजगराने मान वळवली आणि पाण्याच्या भांड्यामागे वेटोळं घालून तो निजला.

"नको तर नको. मर उपाशी!" तिने काचेच्या पेटीचं झाकण लावून टाकलं.

चीड येण्यासारखंच होतं. घरच्या फ्रीजमध्ये वाटाण्यांच्या पिशवीला खेटून गोठलेले उंदीर ठेवायचे, ते कोमट पाण्यात ऊबदार करायचे, आणि या महाशयांनी ढुंकूनही पाहायचं नाही. थंडी पडल्यापासून हाच प्रकार चालू होता.

साप मुलाचा, गेथिनचा; नाव इद्रिस. तो वेगळा राहायचा आणि सापापायी ग्लेनिस त्याच्या घरी पाऊल टाकत नसे. सप्टेंबरात तिचा नवरा गेला. पुरायच्या दिवशी गेथिन प्रार्थना संपता संपता पोचला, तेव्हा चॅपलच्या दारात सगळ्यांदेखत तिने त्याला नको नको ते सुनावलं. मायलेकांचं बोलणंच तुटलं. पुढे त्याला स्कॉटलंडात नोकरी लागली. तिथल्या घरमालकाला साप चालेना, म्हणून पेटी आईकडे ठेवून गेला. अंगातला कोटही काढला नाही.

साप खाईना, तेव्हा नाइलाजाने तिनेच कळवलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्याचा फोन.

"खाल्लं का त्याने?"

"नाही."

"पेटी गरम आहे ना? पाणी बदललंस?"

आई जिवंत आहे की मेली, याची चौकशी नाही. सगळा जीव त्या सरपटणाऱ्यावर!

शेवटी ती भर पावसात एम्लिनच्या दुकानात गेली. साप-सरडे विकणारा एम्लिन तिच्या नवऱ्याचा शाळासोबती.

"काहीतरी औषध दे बाबा. इद्रिस मेला तर खापर माझ्या डोक्यावर फुटायचं."

एम्लिन हसत सुटला. "अगं, नर ना तो? त्यांचं हिवाळ्यात असंच. भूकच जाते. मार्चमध्ये बघ कसा तुटून पडतो."

"मग हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?"

"गेथिन बोलला नाही? कमाल आहे! दर हिवाळ्यात इथे काउंटरला टेकून तोच घाबरलेल्या गिऱ्हाइकांना समजावायचा. त्याचा इद्रिस तर दरवर्षी उपाशी असतो."

ग्लेनिस हातमोजे घालता घालता थांबली. "म्हणजे त्याला ठाऊक आहे?"

"त्याला नाही तर कुणाला?"

चढ चढताना तिचं डोकं नुसतं तडकलं होतं. वेड पांघरून पेडगावला! रोज आईची उलटतपासणी घेतो आणि सगळं माहीत असून! येऊ दे आज फोन, अशी खरडपट्टी काढते की... वाक्य तिने मनातच दोनदा सुरू केलं, आणि दोन्ही वेळा ते अर्ध्यावर राहिलं. घराच्या दारात ती किल्ली हातात धरून बराच वेळ भिजत उभी होती.

फोन नेहमीच्या वेळी वाजला.

"आई, खाल्लं का त्याने?"

"नाही." तिने घसा खाकरला. "आणि मार्चपर्यंत खाईल असं काही लक्षण दिसत नाही."

पलीकडे गेथिनने टीव्हीचा आवाज बंद केला.

"मग रोज विचारावं लागेल," तो हळूच म्हणाला.

"विचार की!" ग्लेनिस खेकसली. "नको कुणी म्हटलंय?"