कपाटातला लांबडा वरणा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी वरणा बोलतोय. आमटीतला नव्हे, कपाटातला. कोल्हापुरात वरण्याच्या, म्हणजे पावट्याच्या जातीतल्या, दाण्याच्या नशिबी सहसा कुकर असतो. माझ्या नशिबी विज्ञान आलं.

सदर बाजारातल्या बादशहा टेलरच्या घरी त्याच्या बायकोनं, नसरीननं, आमटीसाठी वरणा भिजत घातला होता. सहावीतल्या फरहीननं, तिच्या लेकीनं, त्यातले दोन टपोरे दाणे उचलले. एक मी, दुसरा माझा भाऊ. आइस्क्रीमच्या रिकाम्या कपांत, ओल्या कापसाच्या गादीवर आम्हाला झोपवलं. कोंब फुटल्यावर माती मिळाली. मग भाऊ खिडकीत गेला आणि मी कपाटात.

प्रयोगाचं नाव होतं, ‘वनस्पतीच्या वाढीसाठी सूर्यप्रकाशाची गरज’. म्हणजे भावानं वाढायचं आणि मी वाढायचं नाही, हे आधीच ठरलेलं. चार्टसुद्धा दुकानातून छापीलच आणला होता. डावीकडं उंच हिरवं रोप, उजवीकडं बुटकं, वाळकं. तो उजवीकडचा मी! निकाल आधी आणि चौकशी मागाहून, ही माणसांची जुनी खोड. मला कुणी विचारलं? नाही.

कपाट बादशहाच्या दुकानातलं, आणि दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शिवून झालेले कपडे त्यात टांगलेले असत. फरहीननं कपाटाला कुलूप लावलं आणि बापाला दम भरला, “अब्बा, उजेड आत गेला की प्रयोग बाद. उघडायचं न्हाय.” पाणी घालायला ती एकटीच येई, तेही खोलीत अंधार करून, चाचपडत. निम्मं पाणी माझ्या मुळांना, निम्मं कुणाच्या तरी पँटला.

शिंप्यांचा एक स्वभाव मला आत बसून कळला. त्यांच्या आठवड्यात एकच वार असतो, उद्या. गणपतराव नावाचं एक गिऱ्हाईक रोज येऊन दारात उभं राहायचं.

“काय मास्तर, शर्ट झाला का न्हाय?”

“झालाय की, पावणं. कपाटात हाय.”

“मग द्या की!”

“कपाट उघडता येत न्हाय. आत प्रयोग हाय.”

“आजपातूर बटणं न्हवती, लाईट गेलती, कारागीर आजारी हुता. आता ह्यो नवीनच काढला व्हय?”

बादशहा बिचारा पहिल्यांदाच खरं बोलत होता आणि त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता.

आत मी काय करत होतो? उजेड शोधत होतो. वाढायचं नाही असं चार्टनं ठरवलं होतं, पण चार्ट कपाटात कधी राहिला होता? अंधारात सापडलेल्या रोपाला एवढंच कळतं की उजेड असलाच तर वर असेल. दाण्यातली सगळी शिदोरी मी उंचीला लावली. पानं वाढवली नाहीत, अंगाला रंग आणला नाही. जवळच्या बाहीला टेकत टेकत कॉलरपर्यंत पोचलो.

शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी कुलूप निघालं. गणपतराव हजर होतेच. त्यांना संध्याकाळी शिरोळला लग्नाला जायचं होतं.

“आयला, माझ्या शर्टात माझ्याआदी ह्योच शिरला की!”

फरहीननं मला अलगद सोडवलं आणि भावाशेजारी ठेवलं. मी त्याच्या जवळजवळ दुप्पट! पण पिवळाफटक, आणि मान टाकलेला. तिचा चेहरा उतरला. शाळेतून एकच प्रयोग जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जाणार होता आणि तो आपलाच, असं तिनं वर्गात सांगूनही टाकलं होतं.

“चार्टवर तर ह्यो बुटका हाय,” ती पुटपुटली.

“त्यात काय एवढं?” बादशहानं कात्री उचलली. “वरनं छाटू. चार्टच्या मापात बसंल.”

कात्रीची थंडगार पाती माझ्या देठाला लागली. फरहीन चार्टकडं बघत होती. तिला जिंकायचंही होतं ना! मग एकदम तिनं बापाचा हात धरला.

“अब्बा, शर्टाच्या बाह्या आखूड झाल्या तर तुमी गिऱ्हाइकाचं हात कापता व्हय?”

गणपतरावांनी हळूच दोन्ही हात पाठीमागं घेतले.

बादशहानं कात्री खाली ठेवली. फरहीननं चार्टवरच्या बुटक्या रोपावर काट मारली आणि खाली लिहिलं, ‘अंधारातले रोप जास्त उंच वाढले. पण ते पिवळे पडले आणि त्याला उभे राहता येत नाही.’

दुसऱ्या दिवशी शाळेत विज्ञानाच्या अनुजा मॅडमनी ते दोनदा वाचलं. “फरहीन, हे चार्टवर नाही.”

“कपाटात हाय, मॅडम.”

“वाढायला उजेड लागतो ना? मग हे?”

“उंच व्हायला न्हाय लागला, मॅडम. उभं ऱ्हायला लागतोय.”

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. पण त्या एकट्या परीक्षक नव्हत्या. निवड झाली सम्राट नावाच्या मुलाच्या प्रयोगाची. त्याची रोपं छापील चित्राशी तंतोतंत जुळत होती. त्याच्या बुटक्या रोपाच्या शेंड्यावरचा ताजा काप मला समोरून दिसत होता. टाळ्यांच्या गडबडीत कुणी वाकून पाहिलं नाही. परत येताना फरहीन मला मांडीवर घेऊन रिक्षात बसली होती. सदर बाजार येईपर्यंत ती माझी पडलेली मान बोटानं सावरत होती.

सोमवारी अनुजा मॅडमनी शाळेच्या कपाटातला खालचा कप्पा रिकामा केला आणि आत एक वरणा पेरून ठेवला. वर्गाला सांगितलं, “उघडून बघेपर्यंत अनुमान कुणी लिहायचं नाही.” फरहीननं घरी येऊन हे मलाच आधी सांगितलं.

मी आता भावाशेजारी खिडकीत आहे. बादशहानं काडीचा आधार दिलाय. दोन पानांवर हिरवा रंग चढतोय, पण देठ कमजोर आहे. शेंगा धरतील की नाही, खात्रीनं सांगत नाही.

मला जगवा म्हणून मी हात जोडणार नाही. माझं मागणं एवढंच आहे. माझ्याबद्दल लिहायचंच असेल, तर माझी उंची सांगताना माझा पिवळेपणा लपवू नका, आणि पिवळेपणा दाखवताना माझी उंची कापू नका.