रक्तापेक्षा जीभ बरी

दोन वर्षं माझ्या घरच्यांनी माझे घास मोजले. मी लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर शाफ्टमध्ये लोंबकळून आल्यावर भूक लागते, यात नवल काय? पण बटाट्याची दुसरी फोड उचलली की आई डोळे वटारायची, दादा खाकरायचा आणि वहिनी भांडं हळूच पलीकडे सरकवायची. पहिल्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, डायबेटिस, वयाचा आणि खाण्याचा. वय बेचाळीस, वजन छप्पन्न. पट्ट्याला नवी भोकं पाडत होतो आणि घरात मात्र मी खादाड. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई सांगायची, "याला जिभेचे चोचले नडले."

एकदा दादानं माझी हत्यारांची पेटी उपसली. चॉकलेट शोधत होता. ग्रीसच्या फडक्यात नाक खुपसलेला सख्खा भाऊ पाहून मला शिसारी आली. सापडलं काय, तर स्क्रू ड्रायव्हर आणि दोन फ्यूज. तरी म्हणाला, "आधीच खाल्लं असशील."

गोळ्या वाढत गेल्या, साखर काही उतरेना. शेवटी एका नव्या डॉक्टरीणबाईंनी मला काट्यावर उभं केलं, वर-खाली न्याहाळलं आणि वेगळीच रक्ततपासणी लिहून दिली. आठवड्यानं रिपोर्ट समोर ठेवून म्हणाल्या, "तुमचं शरीरच तुमच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उठलंय. मोठेपणी होतं आणि सावकाश होतं, म्हणून नेहमीच्या डायबेटिससारखं दिसतं. आता इन्सुलिन घ्यायचं. याचा धोका वाढवणारी जनुकं असतात. ती असली म्हणजे आजार होतोच असं नाही. घरात कुणाला थायरॉईड, कोड, तरुणपणीच इन्सुलिन?"

"आणि खाण्याचं काय?"

"तुम्ही खाऊन हे ओढवून घेतलेलं नाही."

ते वाक्य मी जिना उतरताना चारदा पुटपुटलो.

घरी सगळं सांगितलं. पुतणी कामावर होती, बाकी सगळे होते. कुणीतरी 'चुकलं रे आमचं' म्हणेल, अशी माझी भाबडी आशा. आईचा चेहरा पांढराफटक पडला. "आमच्या रक्तात असलं काही नाही," ती म्हणाली.

"आणि आत्याच्या हातांवरचे पांढरे डाग?"

"तो चटका आहे. लहानपणी दूध सांडलं होतं."

दोन्ही हातांवर, मानेवर आणि ओठांच्या कडेला बेतानं सांडलेलं ते दूध! आत्या भर उन्हाळ्यातही लांब बाह्या घालते.

दादानं उठून खिडकी लावली. "हे बाहेर बोलू नकोस. रविवारी पोरीच्या होणाऱ्या सासरची माणसं येताहेत. ठरत आलंय, त्यात विघ्न नको."

"मग विचारलं तर काय सांगू?"

"सगळ्यांना माहीत आहे तेच. खादाड आहेस म्हणून."

"खाण्याला कुणी नावं ठेवत नाही रे," आई म्हणाली. दोन वर्षं हिनंच ठेवली होती. भूक चव्हाट्यावर मांडलेली चालते, रक्त तेवढं झाकायचं. मला या माणसांचा वीट आला. पण पुतणीला सायकल मी शिकवली होती. तिच्या लग्नात माझ्यामुळे खोडा नको, म्हणून मी मान डोलावली.

रविवारी न्हाणीघराची कडी लावून मी इन्सुलिन टोचून घेतलं आणि जेवायला बसलो. शेवटी केक आला. दादानं स्वतःच्या हातानं भलाथोरला तुकडा माझ्या ताटलीत ठेवला. "घे रे, लाजतोस कसला?"

मुलाच्या वडिलांनी विचारलं, "साखर आहे ना तुम्हाला?"

"आहे."

"घराण्यातच आहे का?"

दादाचा चमचा थांबला.

"छे, घराण्यात कुठली," मी म्हणालो, "सगळी माझ्याच पोटात."

सगळे पोट धरून हसले. मुलाचे वडील सैलावून मागे टेकले. माझा घास तोंडातल्या तोंडात फिरत होता. दादानं दुसरा तुकडा वाढला. तोही मी खाल्ला. आजवर घरच्यांची शिसारी यायची, त्या दिवशी स्वतःची आली.

पाहुणे गेल्यावर पुतणी भांडी विसळत होती. ताटली द्यायला गेलो तशी तिनं विचारलं, "काका, नव्या डॉक्टर काय म्हणाल्या? खरं सांग."

खरं तर हे आधी तिलाच कळायला हवं होतं. उद्या तिचं वजन उतरायला लागलं, सारखी तहान लागायला लागली, तर लोकांनी खादाड म्हणायच्या आत कोणती तपासणी मागायची, ते. दारात आई येऊन उभी राहिली होती.

"काय म्हणणार? खाणं कमी करा."

पुतणीनं माझ्या हातातली ताटली घेतली, तिच्यातल्या क्रीमकडे पाहून नाक मुरडलं.

"मग कर ना, काका. तुला खाताना बघून किळस येते."