नामजपाची डबी

माझा धाकटा भाऊ च्युन-खाय हुशार आहे, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तो स्वतःच सांगत फिरतो. आठवडाभर आमच्या काओशुंग शहराच्या बंदरात क्रेन चालवतो आणि सुटीच्या दिवशी टेबलावर वायरींचा पसारा मांडून बसतो.

आईचं दुखणं बळावलं तेव्हा मी देवळाच्या दुकानातून नामजप सतत वाजवणारी तयार डबी आणायला निघाले होते. आईनेच अडवलं. म्हणाली, "त्या डबीतली बाई कोण, कुठली! शेवटच्या घडीला मला आपल्या बायकांचा आवाज हवा." आपल्या बायका म्हणजे तिच्याबरोबर देवळात नाव घेणाऱ्या. च्युन-खाय तिला चाकाच्या खुर्चीतून तिथे घेऊन गेला आणि त्याने सगळ्यांचं 'नमो अमितोफो', म्हणजे बुद्धाचं नाव, रेकॉर्ड करून आणलं. त्यात आईही होती.

मग चहाच्या रिकाम्या डब्यात त्याने सगळं बसवलं: एक छोटा बोर्ड, बॅटरी, स्पीकर आणि आवाजाचं टपाल तिकिटाएवढं मॉड्यूल. मॉड्यूलला वीज सरळ बॅटरीवरून द्यायची, तर या पठ्ठ्याने अक्कल लढवली. बोर्डाच्या एका पिनेवरून दिली. नको तेव्हा बोर्डच मॉड्यूल बंद करील, बॅटरी वाचेल!

सुटे भाग विकणारे खो काका म्हणाले होते, "अरे, पिन इशारा करायला असते, कुणाला पोसायला नाही. आवाज वाढला की मॉड्यूल जास्त वीज ओढणार. पिनेला ते झेपायचं नाही."

"काका, चालतंय की झकास!"

चालत होतंच. आजारी माणसाच्या खोलीत आवाज मोठा करतो कोण?

आई गेली ती दुपारी, घरीच, पुढच्या खोलीत. श्वास थांबल्यावर आठ तास नामजप खंडता कामा नये, नाहीतर जाणारा वाट चुकतो, असं आई मानायची. रडायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही. देवळातल्या बायका नेमक्या यात्रेच्या बसमध्ये होत्या, यायला संध्याकाळ होणार होती. तोवर सगळी भिस्त डबीवर.

बाहेर रस्त्यावर स्कूटर गुरगुरत होत्या. आमचे वडील, आप्पा, म्हणाले, "काही ऐकू येत नाही. तिला तरी कसं येणार?" च्युन-खायने बटण पूर्ण फिरवलं.

"नमो अमि—" खट्. पुन्हा पहिल्यापासून. "नमो अमि—" खट्. पुन्हा. नाव पुरं होईचना. त्याने घाईने आवाज कमी केला, तर डबी मुकीच झाली. पिन जळाली होती.

त्याला लगेच कळलं. त्याचा चेहराच तसा झाला. तो घाईने डबीचे स्क्रू काढू लागला.

मी दबक्या आवाजात म्हणाले, "दुकानातली आणली असती तर! तुझी हुशारी आईच्या मुळावर आली."

"आची, बोलू नकोस गं," तो मला, त्याच्या थोरल्या बहिणीला, म्हणाला. माझे ते शब्द मला आजही टोचतात.

तेवढ्यात मागून आवाज आला. "नमो अमितोफो." आप्पा! जन्मभर मासे विकले, देवळाची पायरी चढले नाहीत, आईच्या नामजपाला 'तुमची गुणगुण' म्हणायचे. भसाडा आवाज, ना सूर ना ताल. पण थांबले नाहीत. मी त्यांच्याबरोबर म्हणू लागले. च्युन-खायचे ओठही हलत होते. बायका आल्या तेव्हा आप्पांचा घसा पार बसला होता.

पुढे त्याने ती वायर पिनेवरून काढून बॅटरीला जोडली. एक वायर, बस्स. डबी आईच्या फोटोपुढे ठेवली, पण चालू करायला त्याचा हात धजेना. "डबी बंद पडल्यापासून आप्पांनी सुरुवात करेपर्यंत आई कुठे होती गं, आची?" एवढंच विचारायचा.

परवा जेवण झाल्यावर आप्पांनीच उठून डबी चालू केली आणि बटण पूर्ण फिरवलं. आवाज तुटला नाही. एवढ्या मोठ्याने आम्ही ते प्रथमच ऐकत होतो, आणि प्रथमच त्या घोळक्यातून आई वेगळी ऐकू आली. सगळ्यांच्या मागे, अर्ध्या शब्दाने रेंगाळणारी, धाप लागलेली.

च्युन-खायने तोंड फिरवलं. "हे तिला तेव्हा ऐकू यायला हवं होतं, आप्पा. तिने एवढंच मागितलं होतं."

'जाऊ दे' असं आप्पा म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. ते म्हणाले नाहीत. "हो, हवं होतं," म्हणाले, आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.