गेल्या वर्षीचा हिरवा ठिपका

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात चला. टोकाला काचेची खोली आहे. दिवस भरण्याआधीच जन्मलेली बाळं तिथं ठेवतात. त्यातलं एक बाळ एका नऊ वर्षांच्या मुलीचा भाऊ. तिनं त्याला अजून काचेतूनच पाहिलं होतं.

आत जायचं तर आधी फ्लूची लस घ्यावी लागे. एवढ्या लहान बाळांना ती देता येत नाही, म्हणून जवळ जाणाऱ्यांनी घ्यायची. घेतली की गळ्यातल्या कार्डावर ठिपका चिकटवत, गेल्या वर्षी हिरवा, यंदा पिवळा. आज लस घेतली, तर ती अंगात मुरून पंधरा दिवसांनी तिला भावाचं बोट धरता येणार होतं.

पण सुईची धास्ती. बाही घट्ट धरून ती बाकावर बसली होती. बाबांची लाडीगोडी झाली, दटावून झालं, ती हलेना. गेल्या वर्षी शाळेत घेतलीय म्हणाली.

मोठ्या सिस्टर तिच्याशेजारी टेकल्या. सकाळपासून त्यांनी साठ जणांना टोचलं होतं. त्यांनी तिला समजावलं, की फ्लू मोठा बहुरूपी, दरवर्षी सोंग बदलतो. गेल्या वर्षीची लस यंदाचं सोंग ओळखेलच असं नाही.

मुलगी त्यांच्या गळ्यातल्या कार्डाकडे बघत होती. "मग तुमचा ठिपका हिरवा का?"

लशींचा ट्रे लावणारी धाकटी सिस्टर हसली. "दिव्याखाली अंधार, ताई."

कामावरच्यांचे ठिपके कुणी तपासत नसे. मोठ्या सिस्टर उडवाउडवी करू लागल्या. तीस वर्षं आजाऱ्यांत काढली, अंग दगड झालंय, हात दुखला तर काम कोण करणार, उद्या बघू. त्यांना खरंच तसं वाटत होतं. रोज आजाऱ्यांत वावरलं की आजार आपल्या ओळखीचा झाला, तो आपल्या वाटेला जाणार नाही, असं वाटू लागतं.

"मग मीपण उद्या," मुलगी म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुम्ही रोज माझ्या भावाला उचलता ना?"

सिस्टरांची नजर काचेकडे गेली. सकाळीच त्यांनी त्या बाळाचं दुपटं बदललं होतं. आपल्याला काही झालं नाही, तरी आपल्या हातून आजार दुसऱ्याकडे जातो, हे त्याच दरवर्षी कामावर नव्यानं येणाऱ्या सिस्टरांना शिकवत.

त्यांनी खुर्ची ओढली, बाही वर केली आणि धाकटीला म्हणाल्या, "दे गं."

मुलगी उठली. तिनं सिस्टरांचा दुसरा हात धरला आणि सुई बाहेर येईपर्यंत सोडला नाही. मग त्या उठल्यावर त्याच खुर्चीत बसली आणि आपली बाही वर सारू लागली.